लेगला सात, ऑफला रामभरोसे

आमच्याकडचा टेनिस बॉलवाला फलंदाज गार्ड घेत नाही, जागा करतो. डावा पाय लेगला काढायचा, उजवा गुडघा वाकवायचा, बॅट खांद्यामागे न्यायची आणि मान वळवून मिडविकेटला पब्लिक किती जमलंय ते पाहून घ्यायचं. चेंडू अजून बॉलरच्या हातात असतो. तो यॉर्कर निघेल, फुलटॉस निघेल, ऑफच्या बाहेर दीड हात जाईल. फलंदाजाला त्याच्याशी देणंघेणं नाही. निकाल आधी, सुनावणी नंतर.

नशिराबादच्या चहाच्या टपऱ्यांवर या प्रश्नाचे दोन पक्ष आहेत. आडवेवाले आणि सरळवाले. आडवेवाल्यांचा जाहीरनामा चार शब्दांचा: आला की ओढून मारा. सरळवाल्यांत बहुतेक मंडळी पन्नाशीपुढची. कधीकाळी जळगावला सागर पार्कवर लेदर बॉलने दोन-चार सामने खेळलेली, आणि पुढचं आयुष्य ते सामने सांगण्यात घालवलेली. दोन्ही पक्ष रोज भेटतात. चहाचे पैसे तिसराच देतो.

"नाना, बाउंड्री लेगलाच जवळ आहे. आपुन काहून ऑफला मारून राह्यलो?"

"अरे भो, बॉल कुठी पडला ते तर पाह्य आधी! ऑफचा बॉल लेगला ओढशीन तर वरच जाईन ना तो."

"जाऊ द्या ना वर. तठी खाली आपल्याच गल्लीचा उभा आहे, सोडीन तो."

या तिसऱ्या वाक्याला क्रिकेटच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

ज्यांना गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जळगावहून भुसावळकडे निघालं की वाघूरच्या अलीकडे नशिराबाद लागतं. हल्ली लोकांना ते टोलनाक्यामुळे माहीत असतं, भाविकांना झिपरूअण्णांच्या समाधीमुळे. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तालुक्याचं नाव नशिराबाद आहे आणि जळगाव त्याच्या पोटात. आज नशिराबाद जळगाव तालुक्यात मोडतं. म्हणजे आपण एका जागी उभे असताना आजूबाजूची फील्ड बदलते, हा अनुभव गावाला चांगला जुना आहे. फलंदाजांपर्यंत तो पोचला नाही एवढंच.

आता आधी आडवेवाल्यांची बाजू घेतो, कारण ती लोकांना वाटते तितकी अडाणी नाही.

टेनिसच्या चेंडूचं वजन 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास. सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅम. जवळजवळ तिप्पट. हलका चेंडू टप्पा पडल्यावर वेग टाकतो, वर उठतो आणि पोटाच्या उंचीवर येऊन जणू विचारतो, काय करताय बोला. अशा चेंडूला कोपर वर करून, डावा पाय टाकून, बॅट सरळ आणून ड्राइव्ह करायला गेलं तर चेंडू यायच्या आधी बॅट पुढे निघून जाते आणि बॉलरच्या हातात सोपा झेल बसतो. मी म्हणतो ते पटत नसेल तर काळ्या मातीच्या भेगाळलेल्या पट्टीवर एप्रिलच्या दुपारी करून पाहा. तिथे आडवी बॅट हाच शहाणपणा. शिवाय मैदान म्हणजे पीक निघाल्यावर रिकामं झालेलं वावर. त्याला गोल सीमारेषा नसते, बांध असतो. एका अंगाचा बांध जवळ, दुसऱ्या अंगाचा लांब. जवळच्या बांधावर मांडव, मांडवात मायक, आणि मायकवर तो माणूस, जो मराठीत सुरू होतो आणि चेंडू हवेत गेला की हिंदीत शिरतो.

खरी मेख त्या मायकमध्ये आहे. "पुढच्या सिक्सला आपल्या गावचे युवा नेते यांच्यातर्फे शंभर रुपये!" ही घोषणा झाली की फलंदाजाचं तंत्र कोण ठरवतो? कोच नाही, मायक ठरवतो. लेट कट मारून दोन धावा पळून काढणाऱ्याला कुणा युवा नेत्याने रोख बक्षीस लावल्याचं अजून माझ्या कानावर नाही. ऑफच्या बाहेरचा चेंडू सोडून दिला म्हणून तर चहासुद्धा मिळत नाही, उलट "अरे खेळ ना भो, झोपला का?" असा आहेर मिळतो. बाजारात ज्या मालाला उठाव तोच माल पिकणार. कापसाला एक वर्ष भाव आला की पुढच्या वर्षी अख्खं शिवार पांढरं होतं, आणि मग भाव कुठे जातो ते खानदेशात कुणाला सांगायला नको.

अमेरिकेतसुद्धा हेच झालं. तिथे खेळ बेसबॉल, चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा, बॅट गोल, आणि वाद हाच: चेंडू नेहमी ओढून मारावा का? उजव्या हाताच्या माणसाने आपल्या डावीकडे, म्हणजे आपल्या भाषेत लेगला. (बेसबॉल आपल्याकडेही आहे. शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉलच्या शेजारीच असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे माहीत असलेले पालक त्याची चौकशी करतात. नियम विचारणारा पालक मला अजून भेटायचाय.)

तिथल्या ओढूवाल्यांचं गणित पक्कं आहे. शरीरापुढे भेटलेला चेंडू जोरात जातो, कारण तोवर बॅटने वेग घेतलेला असतो. शिवाय मैदानाचे कोपरे जवळ असतात. बोस्टनच्या फेनवे पार्कला डावा कोपरा 310 फुटांवर आहे आणि समोरची भिंत 390 फुटांच्या घरात. म्हणजे 350 फूट गेलेला तोच फटका समोर मारला तर झेल, कोपऱ्यात ओढला तर होमरन, म्हणजे त्यांचा सिक्सर. डाव्या कोपऱ्यात 37 फूट उंच हिरवी भिंत उभी केलीय ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्या जागी ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी असते. 2025 मध्ये सिॲटलच्या कॅल रॉली नावाच्या कॅचरने, म्हणजे त्यांच्या कीपरने, एका मोसमात 60 होमरन ठोकले. डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी खेळतो, आणि दोन्हीकडून ओढतो. अशा माणसाला सरळवाल्या नानांनी "कोपर वर कर" म्हणून सांगायचं म्हणजे कठीणच.

पण याच्या आधीची गोष्ट जास्त मजेची आहे.

टेड विल्यम्स म्हणून एक डावरा फलंदाज होता. बोस्टनचाच. 1941 मध्ये त्याची मोसमाची सरासरी .406 होती, दहापैकी चार वेळा यशस्वी. त्यानंतर आजतागायत अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणाला मोसमभर .400 जमलेलं नाही. हा गृहस्थ डावरा असल्यामुळे सगळं उजवीकडे ओढायचा. 14 जुलै 1946 ला क्लीव्हलँडविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यात त्याने तीन होमरन मारले. क्लीव्हलँडचा लू बूड्रो स्वतः शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, खेळायचा आणि संघही तोच चालवायचा. त्याने दुसऱ्या सामन्यात फील्ड उचलून जवळजवळ सगळी उजवीकडे नेऊन ठेवली. डावीकडे एकटा लेफ्टफील्डर, तोही आत ओढलेला. बाकी सगळं मैदान मोकळं. जणू सांगितलं, घ्या, हे तुमचं, सातबारा तुमच्या नावावर करून देतो.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? डावीकडे हलकेच ढकलेल आणि पळेल. विल्यम्सने तसं फारसं केलं नाही. सहा-सात माणसं उभी आहेत, त्यांच्यातूनच काढीन, हा बाणा. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसनेही अशीच फील्ड लावली; त्यात त्याला 25 प्रयत्नांत 5 हिट मिळाले, पाचही एकेरी. पण त्याआधी 13 सप्टेंबर 1946 ला त्याच बूड्रोच्या त्याच फील्डसमोर त्याने एकदा चेंडू डावीकडे उडवला. तिकडे माणूसच नव्हता. चेंडू घरंगळत लांब गेला आणि विल्यम्स चारही बेस पळून घरी आला. मैदानाच्या आतला होमरन. आख्ख्या कारकिर्दीत त्याचा तो एकच. सामना 1-0 ने जिंकला आणि बोस्टनने लीगचं विजेतेपद खिशात टाकलं.

मग दुसऱ्या दिवसापासून तो डावीकडे मारायला लागला असेल, असं तुम्हाला वाटेल. नशिराबादचा एकही आडवेवाला असं समजणार नाही. एकदा दुसऱ्या गल्लीत शिरून काम झालं म्हणून काय गल्ली बदलायची?

पुढे संगणक आले. कोण कुठे मारतो याचे नकाशे निघाले आणि सगळेच संघ सगळ्याच ओढूवाल्यांसमोर फील्ड एका बाजूला रचायला लागले. फलंदाजांना अर्धं मैदान मोकळं दिसत होतं. त्यांनी मारलं नाही. कारण तिकडे मारून एक बेस मिळतो, आणि पगार होमरनचा मिळतो; तिथलाही मायक सिक्सवरच बक्षीस लावतो. मग 2023 पासून मेजर लीगने तोडगा काढला. फलंदाजांना नाही सांगितलं, बाबांनो तिकडेही मारा. क्षेत्ररक्षकांना सांगितलं: चौघा इनफिल्डरांपैकी दोघे सेकंड बेसच्या अलीकडे, दोघे पलीकडे, आणि चौघांचे पाय आतल्या पट्ट्यातच. गिऱ्हाईक बदलेना म्हणून दुकान हलवलं. 1946 ते 2023, म्हणजे 77 वर्षं एक माणूस अडून बसला आणि शेवटी कायदा त्याच्या दारात आला. आपल्या जिल्ह्यातल्या अतिक्रमणवाल्यांनी हा खेळ आधी हेरला असता तर बरं झालं असतं.

क्रिकेटला हे शहाणपण जरा लवकर सुचलं, वेगळ्या कारणाने. बॉडीलाइन नावाच्या डावपेचात लेगला माणसांची भिंत करून अंगावर गोलंदाजी झाली. पुढे लेगला पॉपिंग क्रीजच्या मागे कीपर सोडून दोनच माणसं, हा नियम आला. मर्यादित षटकांत तर लेगला पाचापेक्षा जास्त नाहीत. आमच्या वावरातल्या स्पर्धेत यातलं काही लागू नाही. तिथे फलंदाज क्रीजवर आला की कप्तान ओरडतो, "चला रे, सगळे तिकडं!" आणि सात जण लेगला. ऑफला पॉइंटपासून लाँग-ऑफपर्यंत रामभरोसे. थर्डमॅनला एक बकरी. ती हलत नाही, पण झेलही सोडत नाही.

माझं म्हणणं यातूनच सुरू होतं. बेसबॉलवाल्याची मला थोडी दया येते, कारण त्याला मैदान मुळात चौथाईच मिळतं. दोन पांढऱ्या रेषांच्या मधला काटकोन, 90 अंश. त्याच्या बाहेर गेलं की फाउल. त्याने त्यातला एक कोपरा धरून ठेवला तर समजू शकतं. आपल्याला संपूर्ण वर्तुळ दिलंय. मागे मारा, पुढे मारा, बॅटची कड लागून स्लिपमधून गेला तरी धावा मोजतात, वर पंच चौकार म्हणून हात फिरवतो. आणि एवढी इस्टेट असून आमचा गडी स्वतःहून लेगच्या चौथाईत जाऊन बसतो.

"पण सचिनने सिडनीला काय केलं?" हा आडवेवाल्यांचा हुकमी पत्ता. जानेवारी 2004. आधीच्या तीन कसोटींत त्याची दोन शून्यं होती आणि ऑफबाहेरचे चेंडू छळत होते. सिडनीला त्याने कव्हर ड्राइव्ह कुलपात ठेवला. दहा तासांहून जास्त उभा राहिला, 436 चेंडू, नाबाद 241, आणि त्यातल्या बहुतेक धावा लेगला. भारताने 7 बाद 705 वर डाव सोडला. आडवेवाले ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. फक्त एक तपशील गाळतात: ऑफबाहेरचे चेंडू त्याने लेगला ओढले नाहीत. सोडले. ओव्हरामागून ओव्हर सोडले. ऑस्ट्रेलियाचे बॉलर बाहेर टाकून टाकून कंटाळले, मग पायावर टाकायला लागले, तेव्हा त्याने लेगला काढले. सिडनीत मायकवरून शंभर रुपये लावणारा कुणी असता तर त्या डावात त्याचे पैसे वाचले असते.

याला लेगलाच मारणं म्हणत असाल तर माझा पाठिंबा. पण आमच्या वावरात सोडलेला चेंडू पाहिलाय कुणी? ऑफच्या बाहेर वाइडच्या रेषेला लागून जाणारा चेंडू आमचा माणूस वाकून, लोळून, एका हाताने बॅट फेकत आणतो आणि मिडविकेटला देतो. त्या चेंडूचं काय होतं तेही पाहण्यासारखं असतं. बॅटचा खालचा कोपरा लागतो, चेंडू भिंगरीसारखा फिरत सरळ आकाशात जातो. कीपर, बॉलर आणि स्क्वेअर लेगवाला तिघेही त्याच्याखाली येतात. तिघेही "माझा, माझा" म्हणतात. मग तिघेही थांबतात. चेंडू तिघांच्या मधोमध पडतो, टप्पा खाऊन पुन्हा वर जातो आणि फलंदाज तोवर तीन धावा काढतो. मायकवाला म्हणतो, "क्या बात है!" असा एक झेल सुटला की तंत्राची आणखी एक पिढी बाद.

सरळवाल्यांनीही फार छाती फुगवू नये. नाना गावसकरांचं नाव घेतात, घ्यावं. पण त्याच गावसकरांनी वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेला हूक 1983 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजच्या माल्कम मार्शलसमोर बाहेर काढला आणि 94 चेंडूंत शतक ठोकलं. त्यांचं 29 वं, ब्रॅडमनच्या बरोबरीचं. आडवी बॅट! आणि त्याच्या दीडएक वर्ष आधी, बंगलोरच्या रणजी उपांत्य सामन्यात, उखडलेल्या खेळपट्टीवर कर्नाटकचा डावखुरा रघुराम भट चेंडू वळवून वळवून मुंबईला कापत होता, तेव्हा गावसकर चक्क डाव्या हाताने फलंदाजीला उभे राहिले. बाहेर जाणारा चेंडू आत येणारा करून टाकला. बॉलर तोच, पट्टी तीच, फक्त आपण पलीकडे जाऊन उभं राहायचं. हे आमच्या नानांना सांगितलं की ते म्हणतात, "ते गावसकर होते." बरोबर आहे. त्यांच्यासारखं सरळ खेळायचं, पण त्यांच्यासारखं वाकडं खेळायचं म्हटलं की ते गावसकर होते.

आणि ज्यांना सिक्सच पाहिजेत त्यांनी ऋतुराज गायकवाडची ओव्हर पुन्हा पाहावी. 28 नोव्हेंबर 2022, विजय हजारे करंडक, उत्तर प्रदेशविरुद्ध, शिवा सिंगचं एक षटक. एक नो-बॉल धरून सात चेंडू, सात षटकार, 43 धावा. सातही एका दिशेला नव्हते. काही समोर, काही लाँग-ऑफवर, काही मिडविकेटवर. जिथे चेंडू जायला तयार होता तिथे त्याला पाठवलं. मायकवाल्याला हिशेब करता करता घाम फुटला असता.

आमच्या वावरात मात्र फील्ड सातची झाली की धावा आटतात. आटल्या की आडवेवाले चिडतात. मग कमिटीची बैठक बसते. अशा एका बैठकीत एका ओपनरने मागणी केली की लेगला पाचच माणसं ठेवायचा नियम करा, मोठ्या क्रिकेटमध्ये पण आहे. बॉलर म्हणाले, आधी वाइडचा नियम तर नीट पाळा. कमिटीवाले म्हणाले, मोजणार कोण? पंच आपलाच माणूस, तो पुढच्या मॅचला ओपनिंग करतो. एकाने सुचवलं, लेगचा बांध दहा पावलं मागे न्यावा. तर मांडववाल्याने सांगितलं, मांडव हलणार नाही, त्यावर बॅनर लागलंय.

कोपऱ्यात बसलेलं नववीतलं एक पोरगं म्हणालं, "ऑफला कुणीच नसतंय ना, मग तिकडं मारलं तर?"

सगळे हसले. त्याला पुढच्या स्पर्धेत स्कोअरर केलं.